हौशी गोल्फवाले शिकवणी का लावत नाहीत?

करमल_घाट
नमस्कार मंडळी. पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, मैदानात पाय ठेवला की चिखलात रुततो, त्यामुळे खेळ बंद आहे. म्हणून बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न इथे टाकतोय.

आमचा मडगावचा चौघांचा ग्रुप आहे. सहा वर्षं झाली, पावसाळा सोडला तर बहुतेक रविवारी पहाटे निघून घाट उतरून काणकोणला राजबागला ९ होल (चेंडू घालायची भोकं) खेळतो, कधी वेळ असला तर तेच ९ परत फिरून १८ करतो. परवा गाडीत सहज विषय निघाला की आपल्यापैकी कुणी प्रोकडे, म्हणजे व्यावसायिक शिक्षकाकडे, शिकवणी लावली होती का? चौघांचं मिळून उत्तर शून्य! आता यातल्या एकाची मुलगी पोहायच्या कोचिंगला जाते, दुसऱ्याची बायको पेटी शिकते, तिसरा स्वतः पन्नाशीत योगाच्या क्लासला जातो. म्हणजे शिकायला पैसे देणं, गुरू करणं, यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग गोल्फलाच का नाही? आणि खेळ तर असा की याहून अवघड काही मी तरी हातात घेतलेलं नाही.

मला काही हे आळस किंवा अहंकार वाटत नाही. शिकवणी ज्या पद्धतीची असते आणि आपल्याला जे हवं असतं त्यात कुठेतरी मेळ बसत नाही असं वाटतं, पण नक्की कुठे ते सांगता येत नाहीये. ज्यांनी लावली, ज्यांनी सोडली, ज्यांनी कधीच लावली नाही, सगळ्यांनी लिहा. खरंच समजून घ्यायचंय.

पाटो_कॉलनी
पैसे. मैदानाची फी, कॅडी (सामान उचलणारा), पेट्रोल, नंतरची पावभाजी. एवढं झाल्यावर शिकवणीला काय उरतं?

करमल_घाट
@पाटो_कॉलनी, मलाही आधी तेच वाटलं होतं. पण आमच्यातल्या एकाने तीन वर्षांत दोन ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायच्या काठ्या, घेतले, प्रत्येक ४० हजाराच्या वर. अंतर मोजायची दुर्बीण घेतली, बूट घेतले. या पैशात चांगल्या १५-२० शिकवण्या झाल्या असत्या. पैसा आहे, तो शिकवणीकडे वळत नाही एवढंच.

तांबडी_माती
मी लावली होती आणि सोडली, तेव्हा माझं ऐका.

माझा चेंडू पहिल्यापासून उजवीकडे वळायचा, स्लाइस. चार वर्षं तेच. शेवटी बायको म्हणाली एकदाचं शीक तरी, म्हणून गोव्याबाहेर एका ठिकाणी कामानिमित्त महिनाभर होतो तिथे पाच शिकवण्यांचं पॅकेज घेतलं. पहिल्या तासात त्या गृहस्थांनी माझी ग्रिप बदलली, पाय किती लांब ठेवायचे ते बदललं, वजन कुठे ते सांगितलं, डावा खांदा, उजवं कोपर, कंबर, आणि शेवटी डोकं. सात गोष्टी! रविवारी टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहिलो तर क्लब (चेंडू मारायची काठी) उचलायच्या आधी सातांची उजळणी चालू, आणि मग चेंडूला नीट लागेचना. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्या आठवड्यात माझ्यामुळे मागचे लोक खोळंबायला लागले, सोबतचे मित्र काही बोलत नव्हते पण त्यांचं गप्प राहणंच जास्त लागलं. चौथ्या शिकवणीला गेलोच नाही. जुनी ग्रिप धरली, स्लाइस परत आला, आणि मी चक्क सुटकेचा श्वास सोडला, कारण स्लाइस तरी माझ्या ओळखीचा होता, कुठे जाणार ते माहीत होतं, डावीकडे निशाणा धरला की काम भागायचं.

मला कुणी आधी सांगितलं असतं की बाबा पहिले सहा आठवडे वाईट जाणार आहेत तर कदाचित टिकलो असतो. कुणीच सांगितलं नाही.

सुंगटां_हुमण
+१. माझ्या भावाचं डिट्टो हेच झालं.

सात_नंबर
मी अकरा वर्षं शिकवलं, आधी पुण्यात, मग इकडे दक्षिणेला, आता गुडघ्यामुळे बंद केलंय. @तांबडी_माती, तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं, कारण चूक शिकवणाऱ्याची होती. एका शिकवणीत एकच गोष्ट द्यायची असते. सात दिसतात आपल्याला, सातही खऱ्या असतात, पण विद्यार्थ्याच्या हातात एकच ठेवायची.

का ते सांगतो. क्लब वरून खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. चेंडू क्लबच्या तोंडाला टेकून असतो तो वेळ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा. पाव सेकंदात माणूस सात गोष्टींचा काय, दोन गोष्टींचासुद्धा विचार करू शकत नाही. जे होतं ते सवयीने होतं, आणि सवय बदलायला एका वेळी एकच टाका घालावा लागतो.

आता स्लाइसचं. उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय. चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः क्लबचं तोंड कुठे बघतंय यावर ठरतं, आणि हवेत किती वळणार हे तोंड आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. पूर्वी बरेच जण उलटं शिकवायचे, की चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो. रडारची यंत्रं आली तेव्हा ते चुकीचं असल्याचं उघड झालं. तुमचं तोंड मार्गाच्या मानाने उघडं राहतंय म्हणून चेंडू उजवीकडे वळतो. आणि तुम्ही जो उपाय केलात, डावीकडे निशाणा धरायचा, त्याने तुमचा मार्ग अजून डावीकडे गेला, म्हणजे फरक वाढला, म्हणजे स्लाइस वाढला. जवळजवळ प्रत्येक हौशी खेळाडू आपणहून हाच उपाय शोधतो आणि त्यातच अडकतो. बहुतेकांना ग्रिपमध्ये डावा हात थोडा उजवीकडे फिरवून बसवला की निम्मं काम होतं. ही एक गोष्ट, एक महिना. बाकी सहा वहीत लिहून ठेवायच्या.

तांबडी_माती
@सात_नंबर, हे एवढं मला कुणी पाच मिनिटांत सांगितलं असतं तर... धन्यवाद. लिहून घेतलं.

दर्यावर्दी
नौदलात बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच दाबोळीला. आता निवृत्त आहे, वास्कोत स्थायिक.

मला वाटतं या प्रश्नाचं मूळ हँडिकॅपमध्ये, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीत, आहे आणि ते कुणी लक्षात घेत नाही. बॅडमिंटन घ्या. तुम्ही कच्चे असाल तर समोरच्याचा खेळ बिघडतो, दोन आठवड्यांत तो तुम्हाला बोलावायचं बंद करतो. म्हणून लोक शिकतात, नाइलाजाने शिकतात. गोल्फमध्ये तुम्ही कितीही वाईट खेळा, सोबतच्याचा चेंडू वेगळा, त्याचा खेळ वेगळा. वर हँडिकॅपची सोय. तो ८ चा, मी २६ चा, त्याने मला १८ फटके दिले की आम्ही बरोबरीत. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली, त्यात तर ५४ पर्यंत हँडिकॅप मिळतो. ही फार सुंदर सोय आहे, आजोबा आणि नातू एकत्र खेळू शकतात असा दुसरा खेळ दाखवा. पण याच सोयीमुळे सुधारायची निकड उरत नाही.

दुसरं, तो एक फटका. ९५ फटक्यांत एक असा बसतो की हाताला काही जाणवतच नाही, फक्त आवाज येतो आणि चेंडू उंच जात राहतो. तो एक बसला की घरी जाताना माणसाला वाटतं, मला येतंय की, फक्त सातत्य नाही. मग शिकवणी कशाला? सरावाने येईल. ही समजूत मी स्वतः वीस वर्षं बाळगली.

जास्वंद
दर्यावर्दी काका, छान लिहिलंत. माझा अनुभव थोडा वेगळा आहे.

मी लग्नानंतर नवऱ्यासोबत खेळायला लागले. मैदानावर पाऊल ठेवल्या दिवसापासून फुकटचे शिक्षक मिळाले, नवरा, नवऱ्याचे मित्र, पुढच्या ग्रुपमधले अनोळखी काका, सगळे. आणि सगळ्यांचं एकच वाक्य, "डोकं खाली ठेव." मी इतकं खाली ठेवायला लागले की फटका मारल्यावरही मान खालीच, शरीर फिरायचंच नाही, मग मान आणि कंबर दोन्ही धरली. पुढे एका बाईंकडे शिकले त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की डोकं खाली ठेवायचं नसतं, चेंडू सुटला की छातीबरोबर वळू द्यायचं असतं. आणि चेंडूच्या डोक्यावर फटका बसतो तो मान वर झाल्यामुळे असतोच असं नाही, अनेकदा आपण चेंडूला खालून उचलायला जातो त्यामुळे बसतो. आयर्नने, म्हणजे लोखंडी तोंडाच्या क्लबने, चेंडू उचलायचा नसतो, खाली मारायचा, वर न्यायचं काम क्लबच्या तिरप्या तोंडाचं. माझा खेळ त्या एका वाक्याने बदलला.

तर मुद्दा असा की लोक शिकवणी लावत नाहीत कारण त्यांना वाटतं ती चालूच आहे, फुकट, दर रविवारी. मित्राचं ऐकणं म्हणजे शिकणं नव्हे हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आणि लाज. रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, प्रो शेजारी उभा, मागे चार जण आपली पाळी यायची वाट बघतायत, आणि मी चेंडू चुकवतेय. हे कुणी बोलून दाखवत नाही पण पुरुषांनाही वाटतंच.

रापणकर
जास्वंद ताई, लाजेचं १००% खरं. माझे बॉस माझ्यासोबत खेळतात, त्यांनी प्रोला निरोप पाठवला होता की शिकवणी सकाळी सहाला ठेव, कुणी नसताना.

ओहोटी
यूट्यूब आहे की आता. सगळं फुकट.

सात_नंबर
@ओहोटी, यूट्यूब वाईट नाही, मीही बघतो. अडचण अशी की व्हिडिओ उत्तर देतो, पण तुमचा प्रश्न कुठला ते त्याला माहीत नसतं. हुक, म्हणजे चेंडू डावीकडे वळायची सवय, असलेला माणूस स्लाइसचा उपाय करत बसलेला मी पाहिलाय. आपल्याला वाटतं ते आणि शरीर करतं ते यात फार अंतर असतं. एका डॉक्टरांना मी म्हटलं तुमचा क्लब वर जाताना डोक्याच्या पलीकडे जातोय, ते मानायलाच तयार नाहीत, म्हणाले मी खांद्यापर्यंतच नेतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दाखवलं तेव्हा ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. निदान तेवढं तरी करा, मित्राला सांगून समोरून एक आणि मागून एक व्हिडिओ काढा.

आणि रेंजवरच्या चटईवर विश्वास ठेवू नका. क्लब चेंडूच्या आधी दोन इंच जमिनीला लागला तरी चटईवरून सटकून पुढे जातो आणि चेंडू बरा उडतो. गवतावर तोच फटका मातीत रुतून बसतो.

साळगावचो_बॉलर
मी क्रिकेट शिकवतो, मुलांना. क्रिकेटवाले गोल्फची शिकवणी का लावत नाहीत ते सांगू? कारण पहिल्या दिवशी त्यांचा चेंडू इतरांपेक्षा लांब जातो. बॅट फिरवलेली असते, हाताला जोर असतो. माझंही तसंच झालं, सगळ्यांनी वाहवा केली. सहा महिन्यांनी कळलं की मी फलंदाजीसारखं अंग पुढे टाकून मारतोय, चेंडू अंगावर येतोय असं समजून. इथे चेंडू येतच नाही, तो जागचा हलत नाही, तुम्हालाच त्याच्याकडे जायचंय. आणि क्रिकेटमध्ये १० अंश चुकलं तरी दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून चौकार जातो. इथे २०० यार्डांवर एका अंशाला साडेतीन यार्ड, म्हणजे पाच अंश चुकलात की चेंडू माडांच्या बनात!

सुंगटां_हुमण
माडाखाली चेंडू शोधताना वर पण बघा रे पात्रांव, वरून जे पडतं ते १०८ मिलिमीटरच्या भोकात मावत नाही 😄

कला_पेटी
मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, धागा वर दिसला म्हणून वाचायला घेतला आणि पूर्ण वाचला. मी फोंड्याकडची, पेटी आणि गाणं शिकवते.

आपल्या गावात जत्रेला नाटक असतं, त्यात काम करणारे कोण? दुकानदार, बसचा कंडक्टर, शाळामास्तर. वर्षातून एकदा रंगमंचावर उभे राहतात. तरीपण त्यांच्यासाठी तालीम मास्तर येतो, पेटीवाला येतो, महिना-दीड महिना रात्री जागून तालमी होतात. हौशी आहे म्हणून शिकायचं नाही असं आपल्या लोकांत कधीच नव्हतं. मग फरक काय? मला वाटतं फरक असा की तालीम हाच मजेचा भाग असतो. चहा असतो, गप्पा असतात, सगळे एकत्र शिकतात आणि एकत्र चुकतात. तुमची ती शिकवणी एकट्याने, तासाच्या हिशेबाने, आणि मजेच्या वेळातून वेळ काढून. त्यामुळे ती कुणाला नकोशी वाटत असेल तर नवल नाही.

गुरू बदलायलाही घाबरू नये. आमच्या केरीच्या केसरबाई केरकर, केवढी मोठी बाई, त्यांनीही एकाहून अधिक गुरूंकडे तालीम घेतली, रामकृष्णबुवा वझे होते, बरकतुल्लाखाँ होते, आणि शेवटी अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं शिकल्या. एकाकडे जमलं नाही म्हणजे शिकणं जमत नाही असं नव्हे. @तांबडी_माती यांनी याचा विचार करावा.

तांबडी_माती
ताई, हे मनाला लागलं. चांगल्या अर्थाने.

नऊ_आयर्न
पण गुरूशिवायही लोक मोठे झालेच की. अमेरिकेच्या बब्बा वॉटसनने कधी रीतसर शिकवणी घेतली नाही आणि २०१२ आणि २०१४ ला मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला. आपला अली शेर दिल्लीत कॅडी होता, १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू तो. मला वाटतं ज्याच्या अंगात आहे त्याला येतं, बाकीच्यांनी आनंद घ्यावा.

दर्यावर्दी
@नऊ_आयर्न, अली शेरबद्दल मनापासून आदर आहे. पण कॅडी म्हणजे दिवसभर मैदानावर, रोज, वर्षानुवर्षं चांगल्या-वाईट खेळाडूंचे हजारो फटके जवळून बघणारा माणूस. ती शाळाच झाली. आपण आठवड्यातून चार तास जातो. आणि दुसरं टोक बघा, जॅक निकलॉस, १८ मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकलेला माणूस, तो वर्षाच्या सुरुवातीला आपल्या लहानपणच्या गुरूकडे, जॅक ग्राउटकडे, जाऊन ग्रिप आणि उभं राहणं इथपासून पुन्हा तपासून घ्यायचा.

शेतां_राखण
माफ करा पण गोव्यात गोल्फ म्हटलं की मला आधी तेरेखोल आठवतं. गोल्फच्या मैदानासाठी जमीन जायची म्हणून तिथल्या कुळांना कोर्टापर्यंत जावं लागलं. गवताला लागणारं पाणी, औषधं, यावर कुणी बोलणार आहे का?

करमल_घाट
@शेतां_राखण, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. मी खेळतो म्हणून ती जबाबदारी माझ्यावर जास्त आहे. यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन, मैदानाला पाणी कुठून येतं हे मीही विचारून ठेवतो. इथे मात्र शिकवणीवरच राहूया.

शेतां_राखण
काढतो. देव बरें करूं.

हाडवैद्य_२
ऑर्थोपेडिक आहे, म्हापशाला. दोन ओळी. माझ्याकडे गोल्फवाले येतात ते बहुतेक कंबर नाहीतर कोपर घेऊन. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला तर गोल्फर्स एल्बो असंच नाव आहे. जमिनीवर वारंवार क्लब आपटणं, फार घट्ट पकडणं, वॉर्म-अप न करता गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर मारणं. स्कोअरसाठी नको असेल तर शरीरासाठी तरी एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. मी औषध देईन, पण तुम्ही परत तसाच फटका मारणार असाल तर परत याल.

सुशेगाद_रविवार
सगळ्यांचं वाचलं. आता मी जे लिहितोय ते प्रामाणिकपणे लिहितोय, कुणी रागावू नका.

मला सुधारायचंच नाहीये. मी ५६ वर्षांचा आहे. बँकेत आठवडाभर टार्गेट, रिव्ह्यू, हा आकडा का कमी, तो का नाही. रविवारी ते चार तास असे आहेत की मला कुणी काही विचारत नाही. मी ११० फटके मारले काय, ११५ मारले काय. सकाळी साडेसहाला गवतावर दव असतं, समुद्राचा आवाज येतो, मित्र असतात, मोबाइल गाडीत असतो. त्या चार तासांत कुणीतरी येऊन म्हणालं की तुमचं कोपर चुकतंय, तर माझा तो एकच मोकळा कोपराही आठवड्यासारखा होईल. मी पेटी वाजवत असतो तर कदाचित शिकलो असतो. पण या एका ठिकाणी मला विद्यार्थी व्हायचं नाही. हे कारण तुमच्या यादीत पाहिजे.

करमल_घाट
सुशेगाद दादा, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. आमच्या ग्रुपमधला जो सगळ्यात जास्त हसत खेळतो तो अगदी असाच आहे, आणि मी गेल्या वर्षभरात त्याच्या मागे लागलो होतो की तुझी ग्रिप बघ, तुझी ग्रिप बघ. आता थांबवतो.

पण स्वतःपुरतं बोलायचं तर मला सुधारायचंय. ११० वरून ८० नको, पण भोकाभोवतीच्या हिरवळीजवळ आल्यावर तीनदा इकडून तिकडे चेंडू जातो ते थांबायला हवं. आणि हे सगळं वाचून आता कळतंय की मी शिकवणी लावली नाही कारण मला वाटायचं ती लावली की माझा अख्खा स्विंग मोडून नवा बांधतील आणि तोवर रविवार जातील. मला रविवार गमवायचे नव्हते. @सात_नंबर, असं करता येतं का, की स्विंगला हातच लावायचा नाही?

सात_नंबर
येतं की! आणि बहुतेकांनी तेच करावं. पार, म्हणजे मैदानाचे अपेक्षित फटके, कसा ठरतो बघा, प्रत्येक होलला दोन पुट, म्हणजे हिरवळीवरून भोकाकडे ढकलायचे फटके, धरलेले असतात. म्हणजे ७२ च्या मैदानावर ३६ फटके निव्वळ पटरचे, पुट मारायच्या क्लबचे. त्यात चिप (हिरवळीजवळचे छोटे फटके) आणि बंकर (वाळूचे खड्डे) धरा. या फटक्यांना ना ताकद लागते ना लवचिकता, आणि ते शिकताना मोठा स्विंग बिघडत नाही, त्यामुळे रविवार शाबूत राहतो. तरी माझ्याकडे येणारे दहातले नऊ ड्रायव्हर घेऊन यायचे.

शिकवणी लावताना तीन वाक्यं आधीच सांगायची: मला एवढंच हवंय, महिन्यातून एकदाच येईन, आणि एकच गोष्ट द्या. जो प्रो हे ऐकून नाक मुरडेल त्याच्याकडे जाऊ नका. शक्य असेल तर रेंजवर तास घेण्यापेक्षा त्याला सोबत ९ होल खेळायला बोलवा. निम्म्या चुका हाताच्या नसतातच, कुठला क्लब घ्यायचा आणि कुठे मारायचा नाही याच्या असतात, आणि त्या रेंजवर दिसत नाहीत. कला_पेटी ताई म्हणाल्या तसं चौघांनी मिळून बोलवा, खर्चही वाटला जाईल, तालीमही होईल.

पाटो_कॉलनी
चौघांत वाटला तर मी माझं पहिलं उत्तर मागे घेतो.

जास्वंद
चौघांत पाचवी चालेल का? चिपिंग मलाही हवंय.

करमल_घाट
चालेल काय, याच ताई. सात_नंबर, तुमच्या गुडघ्याला जमणार असेल तर तुम्हीच या, खुर्चीवर बसून सांगा, चेंडू आम्ही आणून देतो. चवथ होऊ दे, गणपतीवरची माटोळी उतरली आणि पाऊस जरा ओसरला की पहिल्या रविवारी.

सात_नंबर
येतो. प्रत्येकाने फक्त सात नंबरचं आयर्न, एक वेज (छोट्या फटक्यांचा क्लब) आणि पटर आणायचा. ड्रायव्हर घरी ठेवून या.

तांबडी_माती
म्हापशाहून निघायला पहाटे चार वाजतील, पण मी येतोय. डावा हात थोडा उजवीकडे फिरवून बसवायचा ना? घरात झाडूच्या दांड्यावर सुरू केलंय.